बंधनं राजाला होती

१५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मटण-चिकनची दुकानं चोवीस तास बंद ठेवायला सांगितली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर धुमश्चक्री उडाली. असा आदेश १९८८ पासून निघतोय, हे प्रशासनाचं म्हणणं. स्वातंत्र्यदिनी कुणी काय खावं हे महापालिका कोण ठरवणार, हे विरोधकांचं. मी डब्लिनमध्ये बसून दोन्हीकडचे फॉरवर्ड वाचत होतो. इथल्या पुराणकथा मुलीच्या शाळेमुळे आमच्या घरात शिरल्यात, त्यातली एक या भांडणात सारखी आठवत राहिली.

या आयरिश कथांत 'गेश' नावाचा प्रकार आहे. एकाच माणसावर घातलेलं, फक्त त्याचंच बंधन. अमुक खायचं नाही, तमुक नाकारायचं नाही. मोडलं की नाश ठरलेला. अल्स्टरचा वीर कू खुलिन. पोरवयात त्याने कुलन लोहाराचा राखणदार कुत्रा मारला, भरपाई म्हणून स्वतःच राखणीला उभा राहिला, आणि 'कुलनचा कुत्रा' हेच त्याचं नाव पडलं. म्हणून कुत्र्याचं मांस त्याला वर्ज्य. दुसरं बंधन असं, की वाटेत कुणाची चूल पेटलेली दिसली तर तिथे चार घास खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटच्या लढाईला निघाला तेव्हा वाटेत तीन एकाक्ष म्हाताऱ्या नेमकं कुत्रंच भाजत बसल्या होत्या. तो टाळत होता. गरिबाघरचं म्हणून नको का, असा टोमणा बसल्यावर त्याने घास घेतला आणि ज्या हाताने घेतला त्या हातातलं बळच गेलं. आपल्याला हे नवीन नाही. याचकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही हा कर्णाचा नेम, आणि इंद्राने तोच हेरून कवचकुंडलं नेली.

पण कू खुलिनने अल्स्टरभर कुत्र्याच्या मांसावर बंदी घाला, असं कधी म्हटलं नाही. शिवाय गेश पडतात ते वीरांवर आणि राजांवर. तारा इथून राज्य करणाऱ्या कोनेरे राजावर तर त्यांची माळच होती: दर नवव्या रात्री ताराबाहेर जायचं नाही, सूर्यास्तानंतर एकट्यादुकट्याला घरात घ्यायचं नाही, आपल्या राज्यात लुटालूट होऊ द्यायची नाही. त्याच्या दूधभावांनीच चोऱ्या सुरू केल्या, याने त्यांना पाठीशी घातलं आणि तिथून सगळं घसरत गेलं. सत्ता मोठी तसा जाच मोठा. आपल्याकडे बंधन वर निघतं आणि पडतं खाली, दुकानदाराच्या शटरवर.

माझ्या आजीने काशीला जाऊन फणस सोडला होता. कोकणातली बाई, मे महिन्यात घरभर फणसाचाच वास. तरी कुयरीची भाजी तीच करायची, हाताला खोबरेल चोळून फणस तीच फोडायची. फक्त मीठ बघायला आमच्यापैकी कुणाला तरी हाक मारायची. तिच्या नेमापायी आमचा एक गराही कधी चुकला नाही.

इथे सगळं आलबेल आहे, असं समजू नका. १९२७ च्या कायद्याने गुड फ्रायडेला पब बंद असायचे, ते २०१८ मध्ये उघडले. भाड्याचं घर शोधताना 'मसाल्याचा वास येणार असेल तर नको' असं एका मालकाने मला तोंडावर सांगितलंय. मुंबईत 'ओन्ली व्हेज'च्या पाट्या वाचून दमलेल्या मित्राला हे कळवलं, तर तो पोट धरून हसला. तरीही इथले 'पायोनियर' बघावेत. दारू कायमची सोडल्याची शपथ घेणारी ही मंडळी १८९८ पासून आहेत. कोटाला छोटीशी पिन लावतात. तशी पिन लावणारे आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी शुक्रवारी न चुकता पबमध्ये येतात, स्वतः लेमोनेड घेतात आणि पाळी आली की सगळ्या टेबलाला खुशाल गिनेस पाजतात.

ग्रुपवर काकांनी विचारलं, मग परंपरा राखायची तरी कशी? मी लिहिलं, पदावर बसलेल्यांपासून सुरुवात करू या. सोसायटीच्या चेअरमनने डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत डोकावायचं नाही. पालकमंत्र्याने रस्त्यात खड्डा लागला की गाडीतून उतरून पुढे चालत जायचं. नगरसेवकाने स्वतःचा फोटो असलेल्या फ्लेक्सखालून जायचं नाही. हा शेवटचा नियम काकांना पटलेला नाही. नगरसेवक मग घराबाहेर पडणार कसा, असं ते विचारतायत.