ढग पवनचक्कीला घाबरत नाहीत, मामा

परवा पिंपळगावहून मामांचा फोन. "तुझी सही पाहिजे. गल्लीतल्या चाळीस झाल्या." कशावर, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका निवेदनावर. त्याचं सार असं : गुजरातच्या समुद्रात पवनचक्क्या बसणार, त्या मान्सूनचे ढग तिथेच फोडणार आणि नाशिकच्या बागा कोरड्या पडणार. परदेशात याच चक्क्यांनी देवमासे मारले, बेटांवरची माणसं आजारी पाडली. खाली मेलेल्या देवमाशाचा फोटो आणि "वीस जणांना पाठवा". नुसतं आभाळ बघून द्राक्षावर डाऊनी रोग येणार का ते सांगणारा माझा मामा याला भुलला, याचाच जास्त संताप आला.

आधी ढगांचंच घेऊ, कारण सह्या त्यावरच गोळा होताहेत.

मामा, कसारा घाट चढून तुम्ही किती वेळा घरी आलात? इगतपुरीत वायपर थांबत नाहीत आणि नाशकात शिरेपर्यंत रस्ता कोरडा. इगतपुरीला वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, नाशिक शहरात ७००च्या आसपास, येवल्यात त्याहूनही कमी. हे कुठल्या चक्कीनं केलं? समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि घाटावरच रिता होतो. आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. ज्या ढगांना १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई पळवून लावत नाही, उलट पिळून घेतं, त्यांना अडीचशे-तीनशे मीटरवर फिरणारं पातं फोडणार? पावसाळी ढगाचा माथा दहा-दहा किलोमीटर वर असतो. चक्की तळाच्या वाऱ्यातला थोडा जोर काढून घेते. वाफ काढून घेत नाही.

आणि नकाशा तरी बघा. गुजरातच्या किनाऱ्याबाहेर या चक्क्यांसाठी वारा मोजायचं यंत्र बसवलं ते पिपावावजवळ, २०१७ मध्ये. पिपावाव आपल्या पश्चिम-वायव्येला. आपला पावसाळी वारा येतो नैऋत्येकडून, मुंबई-अलिबागच्या अंगानं. म्हणजे ज्या वाटेनं पाऊस येतच नाही, त्या वाटेवर कुणी तरी गेट लावतंय म्हणून आपण सह्या करतोय!

हीच अफवा साताऱ्यात वनकुसवडे पठारावर चक्क्या लागल्या तेव्हाही होती, साक्रीकडेही होती. वनकुसवडे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या माथ्यावर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कोयनेतून पाणी सोडावं लागलं आणि खाली सांगली बुडाली. ढग पळाले म्हणे.

एवढं मात्र खरं की चक्क्यांच्या मागे वारा मंदावतो, घुसळतो, आणि जमिनीवर त्यांच्या आसपास रात्रीच्या तापमानात किंचित फरक पडतो. हे मोजलेलं आहे. पण तिथून "मान्सून पळाला" इथवर उडी मारायला फार मोठी छाती लागते.

देवमासे. फोटो खरा असेलही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक देवमासे नेहमीपेक्षा जास्त मरताहेत, ते जानेवारी २०१६ पासून. तेव्हा तिथल्या समुद्रात ग्रिडला वीज देणारी एकही व्यावसायिक पवनचक्की फिरत नव्हती. 'नोआ' ही तिथली समुद्र-हवामानाची सरकारी संस्था. तिनं जवळपास निम्मे मृत मासे तपासले. त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाची धडक किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या. पवनचक्क्यांच्या कामाशी या मृत्यूंचा संबंध दाखवणारा पुरावा नाही, असं ती स्पष्ट म्हणते. खांब ठोकतानाचा आवाज जलचरांना त्रास देतो, हे कुणी नाकारत नाही. म्हणून तर आवाज अडवायला खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा सोडतात.

आजारपणाचं थोडक्यात. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं २०१४ मध्ये हजाराहून जास्त घरांची पाहणी जाहीर केली. आवाजानं वैताग येतो हे दिसलं, आजाराशी नातं दिसलं नाही. आणि त्या चक्क्या जमिनीवरच्या होत्या, समुद्रात लांब नव्हत्या.

बेटावरच्यांचं सांगायचं तर अमेरिकेतल्या ब्लॉक आयलंडवर वीज यायची डिझेल जनरेटरवर, वर्षाला जवळपास १० लाख गॅलन डिझेल जाळून. २०१६ मध्ये शेजारी समुद्रात पाच चक्क्या सुरू झाल्या, मे २०१७ मध्ये जनरेटर बंद झाले. निवेदनात हे बेट नाही. का नसावं?

अमेरिकेतल्याच नँटकेट बेटाचं नाव मात्र आहे, आणि तिथे मला मान खाली घालावी लागते. जुलै २०२४ मध्ये समुद्रातल्या एका चक्कीचं पातं तुटलं, फायबरचे तुकडे त्या बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आले, ऐन हंगामात किनारे बंद ठेवावे लागले. लोक चिडले, ते बरोबरच होतं. पिपावावच्या बाजूला शियाळबेटावर मासेमारी करून जगणारी माणसं आहेत. जाळी कुठे टाकायची, केबल कुठून जाणार, पातं तुटलं तर भरपाई कोण देणार, हे त्यांनी विचारलंच पाहिजे. त्यांनी असं निवेदन काढलं तर मी पहिली सही करेन.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ते ठीक, पण त्या चाळीस जणांना आता काय सांगू?"