भाजलेल्या संत्र्याने गेलेला वास परत येत नाही

मावशीने परवा पुन्हा तोच मेसेज पाठवला. 'तापानंतर वास आणि चव गेली? संत्रं गॅसवर काळं होईस्तोवर भाजा, गर गुळाबरोबर कुस्करून खा, दोन तासांत वास परत. कापूर, ओवा, लवंग, निलगिरीची पुरचुंडी दिवसभर हुंगा. झणझणीत तिखट खा, जीभ जागी होते. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर वास कायमचा गेला समजा.' माझा वास 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला आणि पुरता परत यायला सव्वा वर्ष लागलं. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायचं ठरवलं.

संत्र्यापासून सुरू करते. जमैकन घरांमधला हा तोडगा 2020 च्या अखेरीस टिकटॉकवरून जगभर पसरला. तिकडे त्यात ब्राउन शुगर घालतात, आपल्याकडे गूळ आला. संत्रं खायला काहीच हरकत नाही. पण वास ओळखणारे मज्जातंतू असतात नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, एका पातळ अस्तरात. कोविडचा विषाणू मुख्यतः त्या तंतूंना आधार देणाऱ्या पेशींवर घाला घालतो, आणि त्या कोलमडल्या की तंतूंचं काम थांबतं. अस्तर पुन्हा भरून यायचं, तंतू नव्याने वाढायचे, हे दोन तासांत होणारं काम नाही. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत आपोआप येतो. ज्याने नेमकं त्याच सुमाराला संत्रं खाल्लं, त्याला तो संत्र्यामुळे आला असं वाटणारच.

तिखटाचा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो, आणि फसवतोही तोच. घरी करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरून चमचाभर श्रीखंड तोंडात घ्या. गोड लागेल, आंबट लागेल, बस्स. आता नाक सोडा. वेलची आणि केशर त्या क्षणी येतात. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि मांस-टोमॅटोसारख्या पदार्थांतली उमामी एवढ्याच चवी कळतात. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घशामागून नाकात चढणारा वास असतो. 'तोंडाला चव नाही' म्हणणाऱ्या पुष्कळांची जीभ ठणठणीत असते, गेलेला असतो तो वास. मिरचीचा तिखटपणा तर या दोन्हींत मोडत नाही. ती जळजळ असते आणि ती नेणारी चेहऱ्याची नस वेगळी. ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहिलं, तरी वास होता तिथेच राहतो. आजारातून उठलेल्या पोटाला मात्र तो ठेचा सोसत नाही.

कापराचंही तेच. कापूर नाकात झोंबतो तो त्याच नसेमुळे, म्हणून वाटतं की वास आला. ही पुरचुंडी 2021 मध्ये ऑक्सिजन वाढवण्यासाठीही फिरली होती, त्यालाही आधार नव्हता. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते. दिवसभर पुरचुंडी घेऊन फिरणाऱ्या आजोबांच्या हातून ती नातवाच्या हाती जायला कितीसा वेळ लागतो?

लवंग आणि निलगिरीबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे, ते कबूल करायला हवं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे वासाचे संशोधक थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये वासाचा सराव मांडला तो गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी या चार वासांवर. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास 10 ते 20 सेकंद, हलकेच, तो वास पूर्वी कसा यायचा ते आठवत, निदान 12 आठवडे. सराव करणाऱ्यांत सुधारणा जास्त दिसली. सगळ्यांना येतो असं नाही, पण अपाय नाही आणि खर्चही नाही. यात नाक झोंबवायचं नसतं.

आता ते पंधरा दिवस. या एका वाक्याचा मला खरा राग आहे. सोळाव्या दिवशी माणूस आशाच सोडतो. कित्येकांना महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर. शिवाय मधे एक विचित्र टप्पा येऊ शकतो. तिसऱ्या महिन्यात आईने वरणाला लसणाची फोडणी दिली आणि मला जळक्या रबराचा आणि गटाराचा वास आला. ताटावरून उठले. घरच्यांना वाटलं नखरे. कांदा, लसूण, कॉफी, तळलेलं मांस, अंडं, अगदी टूथपेस्टसुद्धा अशी घाण येऊ लागते. तंतू नव्याने जोडले जाताना संदेश चुकीचे जातात म्हणून हे होतं, असं मानतात. पुष्कळांच्या बाबतीत ही वास परतण्याची वाट असते. घरात कोणाला असं होत असेल तर त्याला 'नाटकं पुरेत' म्हणू नका.

त्या दिवसांत जेवायचं काय, ते मेसेजमध्ये नाही. गरम अन्नाच्या वाफेबरोबर वास उठतो, म्हणून गार किंवा कोमट खा. मला तारलं ते दहीभाताने, त्यात डाळिंबाचे दाणे आणि काकडी. बिनफोडणीचं कोकमाचं सार, लिंबू पिळलेले मोडाचे मूग, भाजलेले शेंगदाणे, पनीर. आंबट जिभेला कळतं, कुरकुरीत दाताला कळतं, त्यावर घास उतरतो. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. मीठ-साखरेचा हात सैल सुटतो, तेव्हा बीपी आणि डायबेटिस असणाऱ्यांनी जपा. आठवड्याला वजन करा, आणि ते उतरतच असेल तर डॉक्टरांना दाखवा. सर्दी-ताप नसताना किंवा डोक्याला मार लागून वास गेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लगेच जा. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

मावशी, तू एकटी राहतेस म्हणून तुला आणखी एक. सिलिंडरच्या गॅसला तो उग्र वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. मला तो महिनोन्‌महिने येत नव्हता. एकदा दूध करपून पातेलं काळं झालं, धूर दिसला तेव्हा कळलं. त्यानंतर रात्री रेग्युलेटर बंद करायचाच असा नेम झाला, आणि सकाळी मी गॅस पेटवायच्या आधी माझी लेक ओट्याजवळ येऊन वास घेऊन जायची.