४८ किलोमीटरचा आकडा: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की भारतात बनलेल्या अटॅग्ज तोफेचा मी लेखात दिलेला ४८ किलोमीटरचा पल्ला हा निव्वळ जाहिरातीतला आकडा आहे आणि ड्रोनच्या काळात लांब पल्ल्याच्या तोफा म्हणजे पैशाची उधळपट्टी. पहिल्या मुद्द्यावर चूक माझी आहे, दुसरा मात्र मला अजिबात पटला नाही.

अटॅग्जने २०१७ मध्ये पोखरणला ४८ किमी गाठले ते बेस ब्लीड गोळ्याने, साध्या गोळ्याने नाही, आणि हे मी लिहायलाच हवं होतं. आपल्या बायपासवर ट्रकच्या मागे स्कूटरवर असलात तर बघा, ट्रक पुढे जातो आणि धूळ, कागद, पाला सगळं त्याच्या मागे ओढलं जातं कारण तिथे हवेची पोकळी होते. गोळ्याच्या बुडामागे तसंच होतं आणि ती पोकळी त्याला मागे खेचते. बेस ब्लीडमध्ये बुडाशी हळू जळणारा मसाला भरलेला असतो, त्याचा गॅस ती पोकळी भरतो, एवढंच. तो रॉकेटसारखा गोळा ढकलत नाही, ओढ कमी करतो.

बाकी कमाल बॅरलची. बोफोर्स ३९ कॅलिबरची, म्हणजे बॅरलची लांबी त्याच्या १५५ मिमी व्यासाच्या ३९ पट, ६ मीटरच्या आसपास, आणि अटॅग्ज ५२ ची, म्हणजे ८ मीटरच्या वर, शिवाय चेंबर, म्हणजे गोळा उडवणारी दारू जळते तो कप्पा, नेहमीच्या २३ लिटरऐवजी २५ लिटरचं. दारू जास्त, गोळ्याला ढकलायला वेळही जास्त. पण ह्याची किंमत बॅरल मोजते काका. १९१८ मध्ये जर्मनांनी १२० किमीवरून पॅरिसवर गोळे टाकले तेव्हा प्रत्येक गोळ्यागणिक नळी इतकी झिजायची की गोळ्यांना नंबर घालून पुढचा गोळा किंचित जाड बनवावा लागायचा! अमेरिकेने ५८ कॅलिबरची तोफ केली, २०२० मध्ये ७० किमीवर नेम लावला, आणि २०२४ मध्ये तो प्रोग्राम गुंडाळला, बॅरल फार लवकर झिजत होतं म्हणून. त्यामुळे पल्ल्याचा आकडा दिसला की मी आता दोन गोष्टी विचारणार, कुठल्या गोळ्याने आणि बॅरल किती गोळे टिकतं.

आता ड्रोन. माझे मामा तोफखान्यात होते, आता महूला असतात, डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून टीव्ही फुल्ल आवाजात असतो. मी त्यांना तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली तर म्हणाले, आमच्या वेळी ओपीवाल्याला, म्हणजे गोळे कुठे टाकायचे ते बघून सांगणाऱ्याला, डोंगरावर चढून टार्गेट बघावं लागायचं, आता ते काम ड्रोन करतो, मग तोफ निकामी कशी झाली, तिला तर डोळे मिळाले. युक्रेनमध्ये हेच दिसलं, ड्रोन शोधतो आणि तोफ मारते. १५५ चा गोळा ४० किलोच्या वर असतो, छोटा ड्रोन नेतो काही किलो, आणि दाट धुक्यात त्याला खाली काही दिसत नाही. एक्सकॅलिबरसारख्या जीपीएसवाल्या गोळ्यांचा नेम तिथे जॅमिंगने, म्हणजे सिग्नलमध्ये अडथळा आणल्याने, बिघडला, साध्या गोळ्यात जॅम करायला काही नसतंच. आणि ड्रोनची भीती आहे म्हणूनच तर पल्ला हवा, तोफ जितकी मागे उभी राहील तितकी ती शोधणं अवघड, आणि गोळे टाकून लगेच जागा बदलता आली पाहिजे. इथे तुम्ही अटॅग्जच्या १८ टन वजनाचा मुद्दा काढला असतात तर मी गप्प बसलो असतो.

लेखातली ४८ किमीची ओळ दुरुस्त केलीय, गोळ्याच्या प्रकारासकट. एकदा बघून घ्या.