खुलासा: रिमॅपने प्रत्येक गाडी ३० टक्के ताकदवान होत नाही

‘ईसीयू रिमॅप केला की कुठल्याही स्पोर्ट्स कारची ताकद ३० टक्क्यांनी वाढते, आणि सर्व्हिसिंगआधी मूळ फाइल परत टाकली की कंपनीला पत्ता लागत नाही,’ असा मेसेज फिरतोय. (ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर; त्याचं सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे रिमॅप.) दोन्ही दावे फसवे आहेत.

टर्बो इंजिनात बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवता येतो, म्हणून तिथे मोठी वाढ शक्य असते. टर्बो नसलेल्या इंजिनात सिलिंडरमध्ये जाणारी हवा फारशी वाढतच नाही. नुसत्या रिमॅपने मिळतात ते थोडेच हॉर्सपॉवर. टोयोटा ८६ ही टर्बो नसलेली स्पोर्ट्स कार घ्या. तिच्या २ लिटर इंजिनाचा टॉर्क (गाडी ओढणारा जोर) साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमदरम्यान खचतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) बदलून ट्यून केल्यावर मालकांना जाणवतो तो हा खड्डा भरल्याचा फरक. कमाल ताकद त्यामानाने थोडीच वाढते. (रोजच्या चालवण्यात मला तरी तो खड्डा भरणंच मोलाचं वाटतं.)

लपवालपवीचं म्हणाल तर अनेक ईसीयू किती वेळा फ्लॅश झाले, म्हणजे त्यांत सॉफ्टवेअर नव्याने टाकलं गेलं, याची नोंद ठेवतात. फोक्सवॅगन-ऑडीच्या यंत्रणेत बदललेलं सॉफ्टवेअर आढळलं की गाडीवर ‘टीडी१’ असा शेरा पडतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचा वॉरंटी क्लेम नाकारला जाऊ शकतो.