उणे ऐंशीत टिकेल असं लेबल दाखवा

सॅम्पल द्यायला माणसं मिळतात, डीप फ्रीझरला ग्रँट मिळते, पण त्या एवढ्याश्या ट्यूबवर चिकटवायचं काय हा विषय निघाला की लॅबमधला प्रत्येक जण एक्सपर्ट. आमचं इतकी वर्षं मार्कर आणि कागदी टेपवर भागत होतं. म्हणजे भागत नव्हतंच खरं तर. अल्कोहोलचा बोळा नुसता फिरला तरी मार्कर गायब, आणि टेप उणे ८० ला अशी सुटते की बॉक्सच्या तळाशी नावं एकीकडे आणि बेवारस ट्यूबा दुसरीकडे. शेवटी मॅडम म्हणाल्या, बारकोड करूया.

सप्लायरचा माणूस आला. लिक्विड नायट्रोजनला चालेल का, उणे १९६ असतं? चालेल ना सर. ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या त्या कुकरला? चालेल ना सर. म्हटलं बघूच, एक लेबल लावून १२१ डिग्रीला टाकलं, तर बाहेर आलं काळंकुट्ट. दुकानातल्या पावतीचा असतो तोच थर्मल कागद निघाला तो, गरम झालं की काळं पडायचं हाच त्याचा धंदा. यावर साहेब काय म्हणाले असतील? "सर, तुम्ही जरा जास्त तापवलंत."

मग आकाराची भांडणं. लांबडा बारकोड ट्यूबला आडवा गुंडाळला की अर्ध्या रेघा पलीकडे जातात, स्कॅनर काय मान वाकडी करून बघणार आहे? उभा लावावा तर दोन एमएलची ट्यूब संपते पण आमचा कोड संपत नाही, कारण त्यात प्रोजेक्ट, गाव, तारीख, व्हिजिट सगळं पाहिजे (आधारकार्ड नंबर तेवढा राहिला). शेवटी तो चौकोनी ठिपक्यांचा डेटा मॅट्रिक्स ठरला. जागा कमी खातो आणि कोपरा थोडा खरवडला गेला तरी वाचला जातो. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशीच हा घ्यायला हवा होता, पण मीटिंगा कशा झाल्या असत्या मग!

आता ठिपके पुसले जाऊ नयेत म्हणून प्रिंटरला रेझिनची रिबन, म्हणजे पक्क्या शाईची पट्टी, लागते. मागणी गेली, आणि परचेस सेक्शनकडून फाइल परत, "प्रयोगशाळेस रिबनचे प्रयोजन काय?" बहुतेक त्यांना वाटलं गॅदरिंग आहे. खुलासा मराठीत पाहिजे होता, म्हणून मॅडमनी लॅबच्याच कॉम्प्युटरवर बसून सदर रिबन शोभेची नसून वगैरे दीड पान टाइप केलं आणि कीबोर्ड मराठीतच ठेवून घरी गेल्या.

रिबन आली, लेबलं झकास निघाली, सगळे जमले, काकांनी फ्रीझरमधून पहिली ट्यूब काढून स्कॅनरसमोर धरली. आता स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी नुसता कीबोर्डच, तो आपला इमानदारीत आमच्या कोडच्या सुरुवातीचे पी आणि एन दाबणार. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्या मराठी कीबोर्डवर, कॅपिटल पी म्हणजे झ आणि एन म्हणजे ळ. टींग वाजलं, आणि उणे ऐंशीतून आलेल्या त्या सॅम्पलचं नाव स्क्रीनवर उमटलं: झळ.

काका म्हणाले, "वाचता येतंय की!"