बुडबुडे कधी येतात, ते आधी बघा

नमस्कार काका,

गाडीचं इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या, टाकीतल्या बुडबुड्यांवर मी लिहिलं होतं, त्याखाली तुम्ही म्हणालात, ‘पाणी तापलं की बुडबुडे येणारच. तीस वर्षं घाट चढतोय, बोअरचं पाणी घालतो, थर्मोस्टॅट काढून फेकलाय, काही झालं नाही. हेड गॅस्केटची भीती घालून तुम्ही गॅरेजवाल्यांची धन करताय.’ शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा अनुभव खोटा नाही. हेड म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांवर बसणारा भाग, आणि दोघांमधली सील म्हणजे हेड गॅस्केट. जुन्या ॲम्बेसेडरचं हेड बिडाचं होतं, बरंच सोसायचं. आता बहुतेक गाड्यांना ॲल्युमिनियमचं हेड असतं. तेवढ्याच उष्णतेला ते बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि एकदा फार तापलं की वाकतं.

‘बुडबुडे येणारच’ हे मात्र मला मान्य नाही. धडधाकट गाडीत पाणी उकळतच नाही. रेडिएटरचं झाकण सुमारे १ बार दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाला साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. कुकरचंच तत्त्व. कूलंट असेल तर आणखी वर. झाकणाचं रबर कडक होऊन दाब सुटला, की तेच पाणी १०० अंशांना उकळणार, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. अशा वेळी नुसतं झाकण बदलून काम भागतं, आणि मी तपासायला सांगितलं होतं तेही झाकणच आधी. गॅस्केट शेवटी.

तरी गॅस्केटवर एवढं का लिहिलं, तर मे महिन्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना माझ्याच गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. टाकीत नुसती खदखद. वाटेतल्या गॅरेजात ‘एअर लॉक आहे’, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय, म्हणून पाणी भरून दिलं. एअर लॉक असतोही, पण हवा निघून गेली की ते बुडबुडे थांबतात. माझे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी होती, झाकण काढलं आणि इंजिन चालू केलं. टाकीतलं पाणी बोटाला गार लागत होतं आणि तळातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती. ॲक्सिलरेटर दिला की माळ दाट व्हायची. इंजिन बंद करून झाकण लावलं, पुन्हा चालू केलं, तर दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून दबेना.

काका, गार पाणी उकळत नाही. तो सिलिंडरमधला जळालेला वायू होता, फाटलेल्या गॅस्केटमधून पाण्यात शिरणारा. पुढे असा वायू ओळखणाऱ्या टेस्टरमधलं निळं द्रावण टाकीवर धरलं, ते पिवळं पडलं, तेव्हा शंकाच उरली नाही. एवढं कळूनही मी पंधरा दिवस रोज पाणी भरत गाडी चालवली. तेवढ्यात हेड वाकलं. नुसत्या गॅस्केटवर निभावलं असतं, तिथे हेडला फेसिंग मारावं, म्हणजे ते घासून सपाट करावं लागलं आणि खर्च कितीतरी वाढला. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणूनच लिहिलं होतं.

थर्मोस्टॅटचं म्हणाल तर ती इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप, तो काढल्यावर इंजिन नीट तापतच नाही. नव्या गाडीचा सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ असंच सांगत राहतो आणि पेट्रोल जास्त जातं. काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते, मग थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, जसे घरच्या गीझरमध्ये बसतात.

सिग्नलला तापते आणि हायवेला लागली की उतरते, असं असेल तर आधी रेडिएटरचा फॅन आणि त्याचा रिले (तो चालू करणारा स्विच) बघा. घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच गाडी बाजूला. गरम गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका, अगदी फडकं धरूनसुद्धा नाही. वाफ थेट तोंडावर येते.

तुमच्या गाडीचं झाकण उद्या सकाळी, चालू करण्याआधी, असंच काढा आणि मग इंजिन चालू करून बघा. गार पाण्यात बुडबुडे दिसले आणि पाच-दहा मिनिटांतही थांबले नाहीत, तर कृपा करून घाटात नेऊ नका. नाही दिसले तर नवं झाकण आणि कूलंट एवढंच करा. काय दिसलं ते इथे नक्की लिहा, मी वाट बघतो.