उत्तरपत्रिका तिची, परिपत्रक यांचं

ओळखीतल्या एका मुलीला आज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं पत्र आलं. माहिती अधिकारात तिने स्वतःची उत्तरपत्रिका मागितली होती. उत्तर दोन ओळींचं: छायांकित प्रतीसाठी परिपत्रकाप्रमाणे शुल्क भरायला हवं होतं, मुदत संपली, अर्ज निकाली. खाली सही-शिक्का. कलमाचा पत्ता नाही.

नकार द्यायचा तर कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण, हे तिन्ही कळवावं लागतं. कलम ७(८). जन माहिती अधिकारी म्हणून पाटी लावलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल?

आणि परिपत्रक कायद्याच्या वर कधी जाऊन बसलं? तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’च आहे, ती परीक्षार्थीला द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात २०११ सालीच सांगितलं. २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात तर फीचाही निकाल लागला: संस्थेचे नियम असोत, विद्यार्थी माहिती अधिकारातून आला तर फी त्याच कायद्याची. महाराष्ट्रात पानाला २ रुपये. ३२ पानांचे ६४. एवढ्यासाठी हे पत्र!

बरं, परीक्षा विभागात माणसं कमी आहेत, मान्य. परीक्षकाचं नाव झाकून द्या, तेही रास्तच.

पोरांनो, तुमचंही चुकतं. ‘मला कमी गुण का दिले?’ असं विचारलंत की अर्ज गेलाच. ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. प्रत मागा. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. बैठक क्रमांक, पेपरचा कोड, परीक्षेची तारीख लिहा. कारण लिहू नका, ते विचारायचा त्यांना हक्क नाही. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

निकाल लागला की लगेच अर्ज टाका. उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, आणि नष्ट झालेली कोणताही आयोग आणून देत नाही. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज वेगळा भरा; माहिती अधिकारात प्रत मिळते, गुण वाढत नाहीत.

ते पत्र पुन्हा वाचलं. मघाशी संताप आला होता, आता त्या मुलीचं वाईट वाटतंय. तिला वाटलं, संपलं सगळं. संपलेलं काही नाही गं. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा स्टँप, सोबत त्या पत्राची प्रत. अपिलात पहिलीच ओळ लिही की नकाराला कलम दिलेलं नाही, आणि उत्तरपत्रिका अपील निकाली निघेपर्यंत जपून ठेवण्याची मागणी कर. तिथेही टोलवलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. तिथे दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. आयोगात तारीख मिळायला वेळ लागतो, हे मात्र खरं.